इस्तंबूल, कार्पेट एरिया आणि माझे ८१ टक्के

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता बिल्ड फेल झालं की माणसाचा खरा स्वभाव कळतो. माझा मला दीड वर्षापूर्वी कळला.

झालं असं, की शुक्रवारी सकाळी रिलीज होतं. कोड लिहून झाला होता, रिव्ह्यू झाला होता, आणि अगदी शेवटच्या पायरीवर मशीनने लाल अक्षरांत सांगितलं की कव्हरेज ७८.६ टक्के आहे, ८० पाहिजे. बसा परत. मी बसलो. रिपोर्ट उघडला, त्यात ज्या फाइल्स लाल दिसत होत्या त्या एकेक करून काढल्या आणि प्रत्येक फंक्शनला नुसती हाक मारून येणारी टेस्ट लिहिली. फंक्शनला एक खोटी ऑर्डर द्यायची, ते चालवायचं, संपलं. उत्तर काय आलं ते विचारायचंच नाही. (जावास्क्रिप्टवाल्यांसाठी: एकाही टेस्टमध्ये एक्सपेक्ट नव्हतं. हसू नका, तुमच्याही रिपॉझिटरीत सापडतील.) आकडा ८१.२ झाला, सगळं हिरवं झालं, टीम लीडने ग्रुपवर अंगठा टाकला आणि मी साडेनऊच्या कॅबने घरी.

त्या फंक्शन्समध्ये एक रिफंडचं होतं. त्याचं शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण मागचे तीन वीकेंड मी तेच वाचत बसलोय. हा ८० टक्क्यांचा प्रकार मुळात आला कुठून आणि कोणासाठी, हे मला बघायचं होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी (आई, हे तुझ्यासाठी) कव्हरेज म्हणजे काय ते थोडक्यात. आपण प्रोग्रॅम लिहितो आणि तो बरोबर चालतो का हे तपासायला दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहितो, ती टेस्ट. सगळ्या टेस्ट चालवल्यावर मूळ प्रोग्रॅममधल्या किती ओळी एकदा तरी चालल्या, याची टक्केवारी म्हणजे कव्हरेज. इंजिनिअरिंगला सर वर्गात येऊन सांगायचे ना, "चार युनिट झाली, पोर्शन कव्हर झालाय", अगदी तेच. पोर्शन कव्हर झाला हे खरंच असायचं. पोरांना काय कळलं तो वेगळा विषय, तो मे महिन्यात निघायचा.

या कल्पनेवरचा पहिला छापील लेख म्हणून ज्याचं नाव सगळे घेतात तो फेब्रुवारी १९६३ चा आहे. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकात जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांनी लिहिलेला. १९६३! तेव्हा प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून लिहायचे. त्यांचा प्रश्न साधा होता: प्रोग्रॅम तपासायला आपण काही उदाहरणं चालवून बघतो, पण ती कुठली निवडायची? मनाला येतील ती निवडली तर प्रोग्रॅमचा एखादा कोपरा कधीच चालत नाही आणि चूक तिथेच दडून बसते. म्हणून प्रोग्रॅमचा फ्लोचार्ट समोर घ्या, आणि त्यातली प्रत्येक वाट एकदा तरी चालली जाईल अशी उदाहरणं पद्धतशीरपणे काढा. शीर्षकातही त्यांनी चुकांचं विश्लेषण असाच शब्द वापरलाय. टक्केवारी हा इथे विषयच नाही. कुठे पाऊल पडलं नाही, एवढंच शोधायचं आहे.

पुढचा किस्सा माझा सगळ्यात आवडता. १९७१ मध्ये डोनाल्ड कनूथ (तेच, ज्यांची जाडजूड पुस्तकं सगळ्यांच्या कपाटात असतात आणि कोणी वाचलेली नसतात) यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोक प्रत्यक्षात कसले फोरट्रान प्रोग्रॅम लिहितात, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी स्टॅनफर्डच्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा उपसल्या, आणि लोकांनी टाकून दिलेले प्रिंटआउट गोळा केले. मग काही प्रोग्रॅममध्ये मोजणारे काउंटर घालून ते चालवले आणि प्रत्येक ओळ किती वेळा चालली ते पाहिलं. तेव्हा कळलं की साधारण ४ टक्क्यांहून कमी कोडमध्ये निम्म्याहून जास्त वेळ जातो. हे वाक्य परफॉर्मन्सवाले आजही वापरतात. पण मला महत्त्वाची वाटते ती युक्ती: प्रोग्रॅमलाच सांगायचं, बाबा, चालता चालता तुझी पावलं तूच मोज. ज्या ओळीसमोर शून्य, तिथे कोणी गेलंच नाही. आज जावास्क्रिप्टच्या रिपोर्टमध्ये डावीकडे '४ वेळा', '१२ वेळा' असे आकडे दिसतात, ते याच घराण्यातले.

सी भाषेच्या जगात हे काम कंपायलरच करू लागला. जीसीसीसोबत जीकोव्ह आलं आणि लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमधून त्याच्यावर एलकोव्ह नावाचं टूल आलं, जे त्या रुक्ष आकड्यांची छान रंगीत वेब पानं करून द्यायचं. एलकोव्हची मधली फाइल अगदी साधी असते. फाइलचं नाव, मग ओळीचा नंबर, स्वल्पविराम, किती वेळा चालली तो आकडा, आणि शेवटी 'नोंद संपली'. तलाठ्याच्या दप्तरासारखी. गंमत म्हणजे आज आपण जावास्क्रिप्टची कव्हरेज काढून कुठल्याही सर्व्हिसला पाठवतो, ती बरेचदा याच फाइलमध्ये जाते. लिनक्सच्या कर्नलसाठी आखलेल्या वहीत आपण बटणांच्या क्लिकचा हिशेब लिहितो.

आता विमानं. हे वाचल्यावर मला खरी लाज वाटली.

विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८बी नावाचं मानक १९९२ मध्ये आलं (सुधारित 'सी' आवृत्ती २०११ ची). त्यात सॉफ्टवेअर बिघडलं तर काय होईल यावरून पातळ्या ठरवल्यात. 'सी' पातळीला प्रत्येक विधान चाललं पाहिजे. 'बी'ला त्यासोबत प्रत्येक निर्णयाच्या दोन्ही बाजू. आणि 'ए', म्हणजे जिथे चूक झाली तर विमान पडू शकतं, तिथे निर्णयातल्या प्रत्येक अटीने एकटीच्या जोरावर निकाल बदलून दाखवला पाहिजे. तीन अटी असतील तर निदान चार टेस्ट, दहा असतील तर अकरा.

पण लाज वाटायचं कारण ते नाही. या मानकात क्रम ठरलेला आहे. आधी टेस्ट लिहायच्या त्या गरजेवरून: सॉफ्टवेअरने काय करायला हवं याच्या कागदावरून. प्रत्येक टेस्टला अपेक्षित उत्तर असतं. त्या सगळ्या पास झाल्या की मग कव्हरेज मोजायचं. एखादी ओळ चालली नसेल तर विचारायचं: टेस्ट राहिली? का गरजच लिहायची राहिली? का हा कोड उगाच पडून आहे, काढून टाकायचा? म्हणजे न चाललेली ओळ हा एक प्रश्न असतो. आणि मी त्या गुरुवारी काय केलं, तर प्रश्नपत्रिका बघून तिच्यावर हिरवं पेन फिरवलं.

असो. जावास्क्रिप्टकडे येऊ.

१९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना बनवला, हे आपल्याला कॉलेजपासून पाठ आहे. पुढची बरीच वर्षं तिचं काम काय, तर फॉर्म नीट भरलाय का बघणं आणि पानावर बर्फ पाडणं. त्याला कोण टेस्ट लिहिणार! तरी २००१ मध्ये एडवर्ड हायट यांनी जेएसयुनिट आणलं. मग २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, आणि हजारो ओळींचा कोड ब्राउझरमध्ये जाऊन बसला. आता तपासणं भाग होतं. पण अडचण अशी की सी मध्ये मोजणी कंपायलर करायचा. इथे कंपायलर आपल्या हातात नाही, तो ब्राउझरच्या पोटात, आणि तिथे मोजदाद करणारं कोणी नाही. शिवाय ब्राउझर चार, चौघांची चार तोंडं.

मग लोकांनी कनूथवाली युक्तीच काढली. जेएसकव्हरेज नावाचं एक टूल होतं, २००० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. ते तुमच्या कोडचं एक फोल्डर घ्यायचं, आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये तोच कोड काढून द्यायचं, फक्त प्रत्येक चालणाऱ्या ओळीच्या अलीकडे एक काउंटर वाढवणारी ओळ घातलेली. तो सुजलेला कोड ब्राउझरमध्ये चालवायचा आणि शेवटी काउंटर वाचायचे. हे फोल्डर-फोल्डर खेळणं नको असेल तर त्याचा एक छोटा सर्व्हर मध्ये उभा करायचा, तो फाइल ब्राउझरला देता देताच तिच्यात काउंटर पेरायचा. टोलनाकाच म्हणा ना. आमच्या ऑफिसात एक सीनियर आहेत, त्यांनी हे खरंच वापरलेलं आहे. ते म्हणाले, "अरे, एकदा चुकून काउंटरवालं फोल्डरच प्रॉडक्शनला गेलं होतं. साइट हळू का झाली ते दोन दिवस कळेना." :)

त्याच सुमारास याहूमध्ये निकोलस झाकास यांच्या वाययूआय टेस्टच्या जोडीने एक कव्हरेज टूल आलं, पण ते जावात लिहिलेलं. जावास्क्रिप्ट मोजायला जावा बसवा, म्हणजे लग्न एकाचं आणि वरात दुसऱ्याची. २००९ मध्ये नोड आलं आणि ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालायला लागलं, तेव्हा ही कसरत करायची गरज उरली नाही. आणि २०१२ मध्ये याहूतूनच आलं इस्तंबूल. लिहिणारे कृष्णन अनंतेश्वरन.

नाव इस्तंबूल का? याचं उत्तर त्यांनी स्वतःच टूलसोबतच्या माहितीत देऊन ठेवलंय. चांगली नावं सगळी संपली होती म्हणे. मग कव्हरेजवरून त्यांना आठवला कार्पेट एरिया, कार्पेटवरून गालिचे, गालिच्यांवरून तुर्कस्तान, आणि तिथून इस्तंबूल. हे वाचून मी मोठ्याने हसलो. परदेशी वाचकाला यात कितपत मजा आली असेल शंका आहे, पण ज्याने पुण्यात वन बीएचके बघायला सहा महिने घालवलेत त्याला विचारा! बिल्डर सांगणार ८५०, त्यात जिना, लिफ्ट, बागेतला गणपती सगळं धरलेलं. घरात गालिचा अंथरायला गेलात की निघणार ५६०. रेरा आल्यापासून विक्री कार्पेट एरियावरच करावी लागते ते बरं झालं. कव्हरेजला अजून रेरा नाही, तिथे सुपर बिल्ट-अपचाच भाव चालतो.

इस्तंबूलने काम मात्र चोख केलं. आधी ते एस्प्रिमा नावाच्या पार्सरने तुमच्या कोडचं झाड बनवतं. मग त्या झाडाच्या फांद्याफांद्यांवर काउंटर बांधतं आणि एस्कोडजेनने झाडाचा पुन्हा कोड करतं. (नंतरच्या आवृत्त्यांत हे काम बेबलकडे गेलं.) झाड का लागतं? कारण जावास्क्रिप्टमध्ये ओळ मोजून काही कळत नाही. आपण एकाच ओळीत दोन 'आणि', एक 'किंवा' आणि प्रश्नचिन्हवाली अट कोंबतो. ओळ चालली म्हणून हिरवी, पण तिच्यातल्या चार वाटांपैकी तीन वाटांवर कुत्रं फिरकलेलं नसतं. म्हणून इस्तंबूल चार आकडे देतं: विधानं, फांद्या, फंक्शन्स आणि ओळी. त्याच्या रिपोर्टमध्ये एखाद्या अटीशेजारी छोट्या चौकोनात 'ई' किंवा 'आय' अक्षर दिसतं. 'ई' म्हणजे एल्सची वाट कोणी घेतली नाही, 'आय' म्हणजे इफचीच. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हे दोन चौकोन आहेत, आणि नेमकं त्यांच्याकडेच कोणी बघत नाही. सगळे वरचा मोठा आकडा बघतात. त्या आकड्याला रंगही दिलेले: मुळातल्या सेटिंगनुसार ५० च्या खाली लाल, मध्ये पिवळा, ८० पासून पुढे हिरवा. आमच्या कंपनीतला ८० कुठून आला ते मी चार जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. मला आपली या हिरव्या रंगाची शंका आहे.

या टूलमध्ये पळवाटाही आहेत. कोडवर एक कॉमेंट लिहायची, 'इस्तंबूल, पुढच्याकडे दुर्लक्ष कर', की ते खरंच दुर्लक्ष करतं. याला कारण असू शकतं, काही कोड टेस्टमध्ये आणता येतच नाही. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. जी फाइल एकाही टेस्टने उघडली नाही, ती वेगळं सांगितल्याशिवाय रिपोर्टमध्ये येतच नाही. म्हणजे गैरहजर पोरांची नावंच हजेरीपटावर नाहीत आणि वर्गाची हजेरी ९० टक्के. ते सेटिंग चालू केल्यावर आकडा धाडकन खाली येतो आणि मग मीटिंग होते.

पुढचं भराभर सांगतो. बेन को यांनी इस्तंबूलवर एनवायसी बांधलं, फेसबुकच्या जेस्टने इस्तंबूल पोटातच घेतलं आणि कव्हरेज म्हणजे कमांडला जोडायचा एक शब्द झाला. २०१७ मध्ये शेवटी इंजिनातच मोजणी आली. क्रोमच्या ५९ व्या आवृत्तीत डेव्हलपर टूल्समध्ये कव्हरेजचा टॅब दिसू लागला (तो मुख्यतः न वापरलेला कोड शोधायला), आणि त्याच वर्षी व्ही८ फंक्शनच्या आतले तुकडेही मोजू लागलं. २०१८ मध्ये नोड १०.१२ ने एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं, ते लावलं की नोड स्वतःच हिशेब फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्यावर सी८ आलं. म्हणजे जी सोय सी वाल्यांना कंपायलरमधून मिळाली होती ती आपल्याला मिळायला २०१७-१८ उजाडलं. आता काउंटर पेरायचे नाहीत, कोड सुजत नाही, सगळं वेगात. मोजायची गोष्ट मात्र तीच राहिली: ओळ चालली का. बरोबर चालली का, हे ना १९७१ च्या काउंटरला कळत होतं, ना व्ही८ ला कळतं.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या लॉरा इनोझेमत्सेव्हा आणि रीड होम्स यांनी पाच मोठे जावा प्रोजेक्ट घेऊन ३१,००० टेस्ट संच बनवले आणि जास्त कव्हरेजवाला संच खरंच जास्त चुका पकडतो का ते पाहिलं. संचांतली टेस्टची संख्या सारखी धरली, तर संबंध कमी ते मध्यम निघाला. त्यांचं म्हणणं, कव्हरेज कुठे तपासायचं राहिलं ते शोधायला वापरा, गुणवत्तेचं टार्गेट म्हणून नको. १९६३ च्या जागीच परत आलो की!

चुका पकडणं त्यांनी मोजलं ते म्यूटेशन टेस्टिंगने. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा १९७८ चा त्यावरचा लेख प्रसिद्ध आहे. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम छोट्या चुका घालायच्या, अधिकचं वजा करायचं, 'पेक्षा मोठं'चं 'पेक्षा लहान', आणि टेस्ट ओरडतात का बघायचं. कोणीच ओरडलं नाही तर ती चूक जिवंत राहिली. जावास्क्रिप्टसाठी हे करणारं टूल आहे स्ट्रायकर. मागच्या रविवारी मी ते त्या रिफंडच्या फाइलच्या जुन्या आवृत्तीवर, माझ्या त्या टेस्टसकट, चालवलं. फाइलचं कव्हरेज १०० टक्के होतं. घातलेल्या चुका जवळजवळ सगळ्या जिवंत.

तर रिफंड. रिलीजनंतर तीनेक आठवड्यांनी कस्टमर केअरकडून एक मेल फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. एका बाईंनी दोन रजया मागवल्या होत्या, ६०० ची एक. २०० चं कूपन लावून १००० भरले. दोन्ही परत केल्या, पण वेगवेगळ्या दिवशी. आमच्या कोडने प्रत्येक रजईच्या रिफंडमधून कूपनचे पूर्ण २०० वजा केले. आले ४०० आणि ४००. बाईंनी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा त्यांना सांगितलं गेलं की सिस्टिममध्ये हिशेब बरोबर दिसतोय. शेवटी त्यांनी वहीच्या पानावर बॉलपेनने आकडेमोड करून त्याचा फोटो पाठवला. भरले १०००. यायला हवेत ५०० अधिक ५००. आले ८००. खाली दोन रेघा मारलेल्या.

त्या पानावर एक्सपेक्ट होतं. माझ्या टेस्टमध्ये नव्हतं.

नंतर लॉग काढला तेव्हा असे बरेच निघाले, आणि बहुतेकांनी तक्रारच केली नव्हती. पैसे सगळ्यांचे परत दिले. मीटिंगमध्ये विचारलं गेलं की याला टेस्ट नव्हती का. मी म्हणालो, होती. पुढचं तिथे सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी टीम लीडला एकट्याला गाठून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माझ्याही आहेत रे दोन-तीन अशा."

त्या दिवशी मी आधी टेस्ट उघडली. बाईंच्या कागदावरचे आकडे तसेच्या तसे घातले, दोन रजया, ६००, कूपन २००, अपेक्षित ५०० आणि ५००. कोडला हात लावायच्या आधी चालवून बघितली. टेस्ट लाल झाली. खाली कव्हरेजचा तक्ता आला, तिथे आकडा तोच होता, ८१.२. त्या गुरुवारच्या एकूण १४ टेस्ट होत्या. आजपर्यंत त्यातल्या ९ ना एक्सपेक्ट लावून झालंय. उरलेल्या पाचांत फंक्शनने नक्की काय उत्तर द्यायला हवं ते मलाच माहीत नाही. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेलाय. सोमवारी बिझनेसवाल्यांना विचारायचंय.